पणजीत परिषदा आणायच्या तर ब्युरोने नेमकं काय करायचं?

तिसवाडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पणजी, ताळगाव, दोनापावला या पट्ट्यातली काही मध्यम हॉटेलं, केटरर, मंडपवाले आणि ट्रॅव्हलवाले मिळून एक छोटा परिषद-ब्युरो काढायचा विचार चालू आहे. पर्यटन खात्याचे स्टॉल बर्लिनला, लंडनला, दिल्लीला लागतातच, त्यात आणखी एक टेबल मांडायचं नाही. आमची अडचण साधी आहे: जून ते सप्टेंबर आणि एरवीही सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या पडतात. डॉक्टर, शास्त्रज्ञ, अभियंते, सीए यांच्या संघटनांची ३०० ते ८०० डेलिगेटांची अधिवेशनं इकडे वळवता आली तर हवी आहेत. त्याहून मोठं काही झेपणार नाही.

असा ब्युरो दिवसभर काम काय करतो? पैसे कुठून येतात? आणि पहिल्या वर्षी कुठे चुकतं? ब्रोशर छापा, रील करा हे सल्ले भरपूर मिळालेत, त्यापलीकडचं हवं आहे.

दर्यावर्दी

तिसवाडीकरबाब, सुरुवात यादीपासून करा. अधिवेशन गोव्यात व्हावं असं हॉटेलवाल्याला कितीही वाटलं तरी ते येत नाही. त्या संघटनेच्या कार्यकारिणीत बसलेल्या गोव्यातल्या सभासदाला वाटलं तर येतं. यजमानपद मागतो तो सभासद. ब्युरो त्याच्या मागे राहून कागद, दर, पत्रं, फोन सांभाळतो. हा माणूस सापडला नाही तर बाकीचा सगळा खर्च वाया.

तो शोधायला फार हिंडावं लागणार नाही. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं केंद्र आहे, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, जुन्या गोव्यात किनारी शेतीची संशोधन संस्था, झुआरीनगरला बिट्स, फर्मागुडीला आयआयटी, धारगळला आयुर्वेद संस्था. शिवाय गोवा शिपयार्ड आणि वेर्ण्याचे औषध कारखाने. प्रत्येक ठिकाणी विभागप्रमुख आणि ज्येष्ठ प्राध्यापक कुठल्या राष्ट्रीय संघटनेचे पदाधिकारी आहेत ते पाहायचं आणि तक्ता करायचा: संघटना, गेल्या पाच अधिवेशनांची शहरं, महिना, डेलिगेट, जागा कोण ठरवतं, किती वर्षं आधी ठरवतं. शेवटचे दोन रकाने भरायला फोन करावेच लागतात, संकेतस्थळावर ते मिळत नाहीत.

हा तक्ता भरला की बरीच नावं आपोआप गळतात. पुष्कळ भारतीय संघटना विभागवार पाळी ठेवतात. पश्चिम विभागाची पाळी नुकती पुण्याला झाली असेल तर पुढची चार वर्षं त्या संघटनेशी फक्त ओळख ठेवायची, बिड (यजमानपदासाठी लेखी प्रस्ताव) करायचं नाही. काहींचा महिना ठरलेला असतो आणि तो नेमका डिसेंबर असतो. तुमच्या रिकाम्या खोल्यांना त्याचा उपयोग शून्य. आंतरराष्ट्रीय अधिवेशनांची माहिती इक्का या जागतिक संघटनेकडे असते, पण ती मोजते ती नियमित भरणारी, किमान तीन देशांत फिरणारी आणि निदान ५० जणांची. तिचं सभासदत्व स्वस्त नाही, पहिल्या वर्षी नको. त्याआधी केंद्र सरकारच्या पाठिंब्याने १९८८ मध्ये निघालेल्या इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरोशी जोडून घ्या.

वेळेचं गणित: कंपनीची मीटिंग किंवा डीलर मेळावा तीन ते नऊ महिने आधी ठरतो, राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन दीड-दोन वर्षं आधी, आंतरराष्ट्रीय तीन ते सहा वर्षं आधी. म्हणजे संघटनांवर केलेल्या कामाचं फळ पहिल्या वर्षी दिसणारच नाही. तुमचे सभासद हॉटेलवाले सहाव्या महिन्यात विचारतील, "आलं काय?" तोवर दाखवायला कंपन्यांच्या छोट्या मीटिंगा हव्यात, नाहीतर दुसऱ्या वर्षाची वर्गणी येत नाही. बहुतेक ब्युरो इथेच कोलमडतात.

बिडच्या कागदात काय असावं: यजमान सभासदाचं पत्र, त्याच्या संस्थाप्रमुखाचं पत्र, पर्यटन खात्याचं पाठिंब्याचं पत्र, हॉलचं तारखांसह तात्पुरतं आरक्षण, हॉटेलांचे लेखी दर आणि ते कधीपर्यंत लागू, विमान आणि रेल्वेची सोय, डेलिगेटमागे खर्चाचा अंदाज, पावसाची पर्यायी सोय. वीस पानांत बसवा. समुद्रकिनाऱ्याचा फोटो एक पुरे, गोव्याला समुद्र आहे हे समितीला ठाऊक असतं.

हॉलबद्दल खरं तेच लिहा. दोनापावलाच्या संमेलन-केंद्राची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. जे उभं नाही ते बिडात घालू नये. कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर उद्घाटनाला आणि मुख्य व्याख्यानांना चांगलं, पण खुर्च्या जमिनीला पक्क्या, त्यामुळे टेबलं मांडता येत नाहीत आणि जेवण दुसरीकडे न्यावं लागतं. ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमची जमीन सपाट आहे, स्टॉल मांडता येतात. पण कुठल्याही क्रीडागृहात आवाज घुमतो, म्हणून गालिचा, पडदे आणि ध्वनियोजना यांचा खर्च बजेटात आधीच धरायचा. आणि ५०० जणांना ५०० चौरस मीटर लागतात हे फक्त थिएटरसारख्या रांगा असतील तर. समोर टेबल हवं असेल तर माणशी दीड ते पावणेदोन धरा, गोल टेबलांवर जेवणाला सुमारे दीड. प्रदर्शनाचा स्टॉल तीन बाय तीनचा असला तरी वाटांसकट मजला दुप्पट जातो. मांडणीचा एक दिवस आणि उचलण्याचा अर्धा दिवस हॉलच्या भाड्यात धरला नाही तर शेवटी भांडण ठरलेलं.

समिती जागा बघायला येते तेव्हाची तऱ्हा न्यारी. तीन हॉटेलं हार घेऊन उभी, प्रत्येकाचं जेवण, प्रत्येकाचा स्विमिंग पूल, आणि सामानाचा ट्रक हॉलला कुठून लागतो ते कोणीच दाखवत नाही. दोन रात्री पुरतात. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते हॉल हा प्रवास त्यांना कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला करू द्या, रविवारी दुपारी नको. स्वच्छतागृहं मोजून दाखवा. ठरवणाऱ्या माणसांना एवढंच पाहायचं असतं.

खोली_२०४

वरचं सगळं बरोबर. मी फक्त खोल्यांचं बोलतो, कारण पैसा तिथेच अडकतो.

५०० डेलिगेट म्हणजे ५०० खोल्या नव्हेत. समजा १०० गोव्यातलेच, घरी जाणारे. उरलेल्या ४०० पैकी निम्मे एकेकटे, निम्मे दोघांत एक: २०० अधिक १००, म्हणजे ३०० खोल्या. त्याही रोज नाहीत. आदल्या रात्री १८०, मग दोन रात्री ३००, शेवटच्या रात्री १३५. एकूण ९१५ रूम-नाईट (एक खोली, एक रात्र म्हणजे एक). हॉटेलांशी करार या रात्रवार आकड्यावर करायचा. सरसकट ३०० गुणिले ४ असं लिहिलंत तर १,२०० होतात आणि जादा २८५ कोणाच्या माथी?

करारात बहुधा ८० टक्क्यांची अट असते: राखलेल्या खोल्या रिकाम्या राहिल्या तरी निदान तेवढ्यांचे पैसे द्यायचे. ३०० राखलेल्या रात्री २१० च भरल्या तर २४० चे पैसे द्यावे लागतात, म्हणजे ३० रिकाम्या खोल्यांचं बिल आयोजकाला. हे बहुतेक कशामुळे होतं? डेलिगेट मोबाइलवर तेच हॉटेल स्वस्तात पाहतो आणि ब्लॉकच्या (अधिवेशनासाठी राखलेल्या खोल्यांच्या) बाहेर बुक करतो. हॉटेल भरलेलं असतं, ब्लॉक रिकामा. यावर दोन उपाय, आणि दोन्ही करारात आधी लिहून घ्यायचे. एक, त्या तारखांना हॉटेलने उघड्यावर ब्लॉकपेक्षा कमी दर लावायचा नाही. दोन, अधिवेशन संपल्यावर नोंदणीची यादी हॉटेलच्या यादीशी ताडायची आणि बाहेरून आलेले डेलिगेटही ब्लॉकमध्ये मोजायचे. ९०, ६० आणि ३० दिवस आधी आढावा ठेवा. ९० व्या दिवशी खोल्या सोडल्या तर दंड नसावा.

हॉटेलं पाचाहून जास्त घेऊ नका. दहा हॉटेलांत तीस-तीस खोल्या वाटल्या तर सभासद खूश, पण बस फिरवताना हाल. ४०० पैकी समजा ३०० जण बसने येणारे, ते पाच हॉटेलांतून सकाळी आणायचे: ३५ आसनांच्या बसच्या ९ फेऱ्या. चढ-उतार धरून एक फेरी ४० मिनिटांची, ८० मिनिटांत एका बसच्या दोन फेऱ्या, म्हणजे ५ बसेस आणि एक राखीव. पावसाळ्यात फेरी ५० मिनिटांची होते आणि हे गणित कोसळतं: ८० मिनिटांत एका बसची एकच फेरी, तेव्हा ९ बसेस आणि एक राखीव धरा. हॉलच्या पोर्चखाली दोन बस एकाच वेळी उभ्या राहतात का तेही बघा, नाहीतर नोंदणीच्या टेबलापुढे चिखलाचा काला.

पावसाळ्यासाठी गिऱ्हाईक निवडून घ्या. दिवसभर आत बसणारी मंडळी हवीत: डॉक्टर, सीए, प्रशिक्षणवाले. सायंकाळी बीचवर गाला डिनर हवं म्हणणारी कंपनी जुलैत आणली तर ती पुन्हा येणार नाही. शॅक बंद, समुद्रात उतरायला मनाई, दूधसागरच्या जीपा बंद, हे आधीच सांगून टाका आणि दर त्याप्रमाणे लावा.

चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दिवस कॅलेंडरवर लाल करा. कूक, वेटर, ड्रायव्हर, माळी सगळे घरी जातात आणि जायलाच हवेत. त्या आठवड्यात गोव्याबाहेरून माणसं आणून केटरिंग होईल, पण वाढपी पत्ता विचारत फिरतील. तसंच नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग पणजीतला सेरेंडिपिटी कला महोत्सव, आणि २० डिसेंबरपासून नवीन वर्षापर्यंतचे दर. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकीच्या संध्याकाळी पणजीत बस हलत नाही.

कागदपत्री

परवान्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आधी जीएसटी, कारण पुण्या-मुंबईच्या कंपन्या याच कारणाने गोवा सोडतात आणि खरं कारण सांगत नाहीत. हॉटेलच्या खोलीवरचा कर जिथे इमारत तिथला, म्हणजे केंद्राचा सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी. पुण्याच्या कंपनीची गोव्यात नोंदणी नसेल तर त्याचा क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) तिला मिळत नाही. म्हणून खोल्या, हॉल, जेवण, बस हे सगळं एकत्र ‘कार्यक्रमाचं आयोजन’ म्हणून गोव्यातल्या नोंदणीकृत आयोजकाने विकलं तर नोंदणीकृत ग्राहकासाठी पुरवठ्याची जागा ग्राहकाचं राज्य धरली जाते, आयजीएसटी (आंतरराज्य कर) लागतो आणि क्रेडिटचा मार्ग खुला होतो. करार आणि बिलाची भाषा खरोखर एकत्रित सेवेची हवी. नुसतं शीर्षक बदलून चालत नाही. मसुदा सीएला दाखवा. ब्युरोने हे एक पान तयार ठेवलं तर विक्रीला मोठी मदत होते.

दरही जपून लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि वर १८ टक्के. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपये जादा मागून गिऱ्हाइकाला हजाराच्या वर भुर्दंड देणारी कोटेशनं अजून फिरताना दिसतात.

परदेशी डेलिगेट असतील तर कॉन्फरन्स व्हिसा लागतो आणि त्यासाठी अधिवेशनालाच परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची मंजुरी लागू शकते. तो अर्ज आयोजकाने करायचा, डेलिगेटने नव्हे. तीन महिने हातात ठेवा. "टुरिस्ट व्हिसावर या, काही होत नाही" असं सांगणाऱ्या एजंटला उभं करू नका. अडकतो तो पाहुणा वक्ता. हॉटेलने परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद २४ तासांत सरकारकडे करायची, छोट्या गेस्टहाउसांनीसुद्धा. परदेशी प्रदर्शकाचं यंत्र परत जाणार असेल तर एटीए कार्नेवर (तात्पुरत्या, करमुक्त आयातीच्या कागदावर) आणता येतं, भारतात त्याची हमीदार फिक्की आहे. पत्रकं, पेन, पिशव्या वाटून संपणार, त्या कार्नेत बसत नाहीत आणि कस्टम्समध्ये पेटी अडते ती याच पिशव्यांमुळे.

स्थानिक पातळीवर: ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा, मद्यासाठी अबकारी खात्याचा प्रासंगिक परवाना, संगीतासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या हक्क-संस्थांचे परवाने, अग्निशमन दलाचा दाखला, केटररचा अन्न परवाना, फलकांसाठी पणजी महापालिका. भरतीरेषेजवळ मंडप घालायचा म्हटलं की किनारी क्षेत्र प्राधिकरण आलं; त्यात वेळ जातो, म्हणून रात्रीचं जेवण एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर घेतलेलं बरं.

विमानतळ दोन आहेत हे अजून बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स, एकाहून दुसऱ्यावर जायला साधारण दीड तास. नोंदणी अर्जात ‘आगमनाची वेळ’ एवढंच विचारलं तर गाडी दाबोळीला आणि पाहुणा मोपाला. कोड विचारा, तिकिटाची प्रत मागा. दाबोळीला कामाच्या दिवसांत सकाळी काही तास नौदलासाठी राखीव असल्याने विमानं दुपारनंतर गर्दीने उतरतात, तेव्हा मदत-टेबलावर माणसं वाढवा. ओला-उबर इथे नाहीत; गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, आणि स्थानिक टॅक्सीवाले आहेत. त्यांच्याशी आधी बसून दर ठरवा, फलक छापा, स्टँडवरच्या मंडळींना काम द्या. त्यांना डावलून बाहेरच्या गाड्या आणल्या तर पहिल्याच दिवशी फाटकावर वाद होतो.

अंत्रुजकर

सगळ्यांनी पणजीच्या दोन किलोमीटरांतच गोवा संपवला.

२०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक आले आणि त्यात परदेशी पाच लाखांच्या आत. म्हणजे तुमचा डेलिगेट नागपूरचा, बेळगावचा, इंदूरचा आहे, त्याच्याबरोबर बायको आहे, कधी आई आहे. दिवसभर तो हॉलमध्ये असताना त्या दोघींनी काय करायचं? हे ठरवून दिलं की तो एक रात्र जास्त राहतो. परिषदेची शेवटची १३५ खोल्यांची रात्र वाढवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या बसवा. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही एक. दुपारी देवळं बंद नसतील याची खात्री आणि कपड्यांची सूचना आधी द्या. फोंतांयश ही पणजीतली जुनी वस्ती पायी, पण ती लोकांची घरं आहेत, दारात उभं राहून फोटो काढणारी तीस जणांची टोळी नको. बारा-बारांचे गट करा. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर पूर्ण दिवस खातं, पावसात सुंदर दिसतं, जळवांची कल्पना द्या. फेरीबोटीने दिवाडी, चोडणचं पक्षी अभयारण्य. मराठी पाहुण्यांसाठी फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात त्या तारखांना नाटक आहे का ते बघा. गोव्यातली मराठी रंगभूमी किती जिवंत आहे हे बाहेर कोणाला ठाऊक नसतं.

आणि एक नाराजी. ब्युरो काढणारे सगळे हॉटेलवाले असले की फोंडा, डिचोली, केपे यांच्या वाट्याला फक्त बस जाते, पैसा जात नाही. मसाल्याच्या बागेतलं जेवण माणशी किती, हे बागवाल्याला विचारून लिहा. मधल्या दोन एजंटांनी कापून उरलेलं त्याच्या हातावर ठेवू नका.

तिसवाडीकर

सर्वांचे आभार, देव बरें करूं. पैशाचा आणि माणसांचा प्रश्न राहिला. सभासद म्हणतात, आलेल्या धंद्यावर कमिशन घ्या, वर्गणी नको.

दर्यावर्दी

कमिशन नको. कमिशन घेणारा ब्युरो जास्त दराच्या हॉटेलकडे झुकतो आणि संघटनांना ते लगेच कळतं. अमेरिकेत शहरं खोलीवरच्या स्थानिक करातून ब्युरो चालवतात. आपल्याकडे पालिकेला तसा कर नाही, तेव्हा खोल्यांच्या संख्येवर वार्षिक वर्गणी आणि वर जमेल तेवढं सरकारी अनुदान. नुसत्या अनुदानावर विसंबू नका, मार्चअखेर उलटून पैसे येतात आणि बिडची तारीख जानेवारीत असते.

चौकशी आली की अटीत बसणाऱ्या सर्व सभासदांना एकाच मिनिटाला एकच मेल, ४८ तासांत उत्तर, उशिरा आलेला दर घ्यायचा नाही, अध्यक्षाच्या हॉटेलचासुद्धा. आलेले सगळे दर एका तक्त्यात घालून आयोजकाला द्या, निवड त्याची. हा नियम पहिल्या सभेत लिहून सह्या घ्या, कारण पहिली मोठी चौकशी आल्यावर कोणी सही करत नाही.

माणसं दोन पुरेत. एक संस्थांत फिरणारा, ज्याला प्राध्यापकाशी त्याच्या विषयावर पाच मिनिटं बोलता येतं. दुसरा तक्ते, दर आणि तारखा सांभाळणारा. हातातून गेलेल्या प्रत्येक बिडची नोंद ठेवा: कुठल्या शहराला गेलं, कशामुळे, फरक किती रुपयांचा. हैदराबादला हॉलमुळे गेलं की कोचीला भाड्यामुळे, हे वीस नोंदींनंतर दिसायला लागतं, आणि सरकारकडे हॉल मागायला गेलात तर टेबलावर ठेवायला तोच कागद असतो.

खोली_२०४

वर्गणी खोलीमागे ठरवताना पावसाळ्यात बंद राहणाऱ्या हॉटेलांना सूट देऊ नका. ब्युरो काढायचाच त्या चार महिन्यांसाठी आहे.